वाचलेलं कार्ड

आमच्या मालकांना कुणी नमस्कार केला, तर ते अर्धाच परत करायचे. एक हात छातीशी यायचा. दुसऱ्या हातात पेन्सिल असायची आणि ती खाली ठेवायला त्यांना वेळ नसायचा. कोर्टातले वकील असोत, खेड्यातून आलेले पाटील असोत की खुद्द त्यांचे सासरे असोत, सगळ्यांना तोच एका हाताचा नमस्कार. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. मी त्यांच्याकडे साडेचार वर्षं नोकरी केली, पण चांगलं बोलायला बसलो तर माझ्याही तोंडून अर्धंच काहीतरी निघेल, म्हणून तो प्रयत्न करत नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठापासून दोन गल्ल्या आत त्यांचं लग्नसाहित्याचं दुकान होतं. दुकान म्हणायचं, पण तिथं गिऱ्हाईक यायचं नाही. आलंच तर मालकांच्या कपाळाला आठी पडायची, कारण गिऱ्हाईक बोलतं. मुंडावळ्या, बाशिंगं, रुखवतात मांडायची कागदी फुलं आणि लाकडी फळं हे सगळं ते टपालानं विकायचे. छापील कार्डं गावोगाव धाडायची, ती वाचून कुणी मागणी केली की माल व्ही.पी.नं पाठवायचा, म्हणजे पोस्टमन पैसे घेऊन पुडकं हातात देणार. त्यामुळे गावात त्यांना सगळे 'कार्डवाले' म्हणायचे. मी तिथं पत्ते लिहायला होतो. मॅट्रिकला गणितानं दोनदा दगा दिला होता, वडील वारले होते, आई आणि धाकटी बहीण अमरावतीला राहत होत्या. माझं अक्षर मात्र चांगलं होतं आणि तेवढ्यावर मला ही नोकरी लागली.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान ऐकवलं. "भाऊ, एक ध्यानात ठेवा. कार्ड वाचलं पायजे, नाही तं वाचलं पायजे." मी बावळटासारखा बघत राहिलो. मग त्यांनी पेन्सिल हवेत दोनदा हलवून सांगितलं, "पह्यलं वाचलं म्हंजे लोकाईनं वाचलं. दुसरं वाचलं म्हंजे आपल्या खर्चातून वाचलं. ज्या घरी वाचनार नाहीत, त्या घरी धाडूच नका. मंग तुमचं कार्डबी वाचलं न येळबी वाचला." मला हसू आलं. ते हसले नाहीत. हा त्यांच्या दृष्टीनं विनोद नव्हता, हिशेब होता.

कार्डावरचा मजकूर ते इतका कापायचे की शेवटी हाडंच उरायची. 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' तर त्यांनी मी येण्यापूर्वीच हद्दपार केलं होतं. 'कृपया' गेलं, 'आपले' गेलं. वऱ्हाड त्या काळी मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि सगळ्या दुकानांच्या पाट्यांवर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असं रीतसर लिहिलेलं असायचं. मालकांनी नुसतं 'वऱ्हाड' ठेवलं. "नागपूरवाल्याईले राग आला तं येऊ द्या. पाच अक्षरं वाचली." त्या रिकाम्या झालेल्या जागेत त्यांनी बाशिंगांचा भाव बसवला.

एकदा मालकीणबाई आपल्या आईच्या दुखण्यासाठी परतवाड्याला माहेरी गेल्या होत्या. तिकडून त्यांचं दोन पानी पत्र आलं. आई कशी आहे, रात्रीची झोप कशी लागत नाही, भावजय कशी तुटक वागते, असं बरंच त्यात असावं. मालकांनी लाल पेन्सिल घेऊन ते पत्र माझ्यासमोर तपासलं. ओळीमागून ओळ खोडली. शेवटी चार ओळी शिल्लक राहिल्या आणि खाली शेरा मारला, 'एवढे कार्डावर मावते.' परत पाठवायला टपालखर्च पडला असता म्हणून ते पत्र त्यांनी जपून ठेवलं आणि बाई परत आल्यावर त्यांच्या हातात दिलं. बाईंनी ते उभ्या उभ्या पाहिलं, चुलीत घातलं आणि त्यांना जेवायला वाढलं. त्यानंतर त्या कधी माहेरी गेल्या तर पत्रच पाठवायच्या नाहीत. मालक मला म्हणाले, "पाह्यलं? सुधारली."

ते मूर्ख नव्हते, हे मात्र कबूल करायला हवं. मूर्ख असते तर मी त्यांना केव्हाच विसरलो असतो. बाकीचे व्यापारी सरसकट हजार-हजार कार्डं पाठवायचे आणि पोस्टाची भर करायचे. मालक हेरून पाठवायचे. त्यासाठी पत्ते कुठून मिळवायचे, तर लग्नातून. ओळखीचं, बिनओळखीचं कुणाचंही लग्न असो, मालक सकाळीच मांडवात हजर. एक रुपया आहेर करायचे आणि वधूपित्याला म्हणायचे, "तुमी पाहुण्याईकडे पाहा जी. आहेर लिहाले मी बसतो." वधूपिता गहिवरायचा. दिवसभर ते आहेराची यादी लिहायचे, आणि आहेराच्या यादीत काय असतं? माणसाचं नाव आणि गाव. रात्री तीच यादी आमच्या वहीत उतरायची. एक रुपयात दीडशे घरं, वर दोन वेळचं जेवण.

त्या वहीला आम्ही 'उपवर वही' म्हणायचो. घरात लग्नाची मुलगी आहे का, बोलणी कुठवर आली आहेत, हे ते उपाध्यायांकडून, न्हाव्यांकडून, बांगड्या भरणाऱ्या कासारणींकडून काढायचे. नावापुढे खुणा असायच्या. 'पाहतात' म्हणजे स्थळं बघणं सुरू आहे. 'पिकलं' म्हणजे ठरत आलं, कार्ड धाडा. लग्न उरकलं की लाल रेघ आणि 'वगळा'. एकदा बार्शीटाकळीकडचं एक नाव असंच पिकलं होतं आणि ती मुलगी पटकीच्या साथीत गेली. मालकांनी तिच्या नावापुढेही तसाच शेरा मारला, 'वगळा'. तीच रेघ आणि तोच हात. मी बघत राहिलो तेव्हा म्हणाले, "काहून थांबले? पुढचं गाव घ्या."

दरवर्षी लगीनसराईच्या आधी दुकानातल्या प्रत्येकानं आपल्या ओळखीतले दहा पत्ते द्यायचे असा नियम होता. त्या वर्षी मी नऊ दिले आणि दहावा सुचेना, म्हणून माझ्याच घरचा दिला. मालकांनी विचारलं, "पाहतात का पिकलं?" मी म्हटलं, "पिकत आलंय." ते खरंच होतं. माझ्या बहिणीला अकोल्याच्याच एका वकिलांच्या घरचे बघून गेले होते. मुलगा शाळेत मास्तर होता. त्याचे मामा अमरावतीला आमच्याच आळीत राहायचे, त्यांनीच स्थळ सुचवलेलं. मुलगी पसंत आहे असं आडून आडून कळलं होतं, पण वकीलसाहेबांचा स्पष्ट होकार यायचा होता. तो मी अकोल्यात राहून आणायचा आणि घरी कळवायचा, असं ठरलं.

मी अकोल्याला निघताना आईनं मला अंगणात गाठून सांगितलं, "होकार आला का कार्डाच्या कोपऱ्याईले कुंकू लाव. नाही आला तं नुसतं कार्ड टाक. मले वाचता येत नाही. अन् तिचं नशीब तिच्याकडूनच कसं वाचून घेऊ?" घरात वाचता येणारी एकटी बहीणच होती. मीच तिला शिकवलं होतं. आईचं म्हणणं मला पटलं. आपल्याकडे शुभकार्याच्या पत्राला हळदकुंकवाची बोटं असतातच. असं पत्र आलं की घरातली बाई ते आधी देवापाशी ठेवते, साखर ठेवते, आणि मग कोणाला तरी वाचायला देते. वाचणं हे नंतरचं काम असतं.

हेच नेमकं मालकांच्याही लक्षात आलं, आणि तेही त्याच महिन्यात. मालकांच्या घरी मालकीणबाईंचं हळदीकुंकू होतं. तबक नेताना त्यांचा पाय अडखळला आणि कुंकू सांडलं ते बाद म्हणून बाजूला टाकलेल्या कार्डांवर. झाडलोट करणारी बाई ती कार्डं केरात लोटेना. तिनं एकेक उचलून कपाळाला लावलं आणि देवळीत नेऊन ठेवलं. ही हकीकत मालकांनीच मला नंतर सांगितली. सांगताना त्यांचे डोळे लकाकत होते. "म्या पंधरा वर्सं मजकूर कापला, भाऊ. कोणी वाचलं का नाही, मालूम नाही. अन् ते बाई, जिले अ का ठ समजत नाही, ते कार्ड देवापाशी ठेवते."

हे घडलं तेव्हा मी अकोल्यात नव्हतो. मालकांनी मला दर्यापूरला, एका जुन्या गिऱ्हाईकाच्या मुलीच्या लग्नात आहेर लिहायला पाठवलं होतं. जाण्यापूर्वी मी त्या खेपेचे चारशे पत्ते लिहून गठ्ठे बांधून ठेवले होते. मी दर्यापूरला लोकांचे आहेर लिहीत असताना मालकांनी त्या चारशेही कार्डांच्या कोपऱ्यांना कुंकवाची बोटं लावली आणि स्वतः स्टेशनवर जाऊन ती मेलगाडीच्या टपालात टाकली. म्हणजे एक दिवस वाचला.

तिसऱ्या दिवशी मी परतलो तो सरळ वकीलसाहेबांकडे गेलो, कारण त्यांनी त्याच दिवशी उत्तराला बोलावलं होतं. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. "आमच्या मेव्हण्याचं पत्र आलं," ते म्हणाले. "तुमच्या आईनं त्याच्या हातावर साखर ठेवली. सगळ्या आळीत वाटली. होकार आमी दिला, अन् आमालेच मालूम नाही."

मला आधी काही कळेना. मग त्यांनी कुंकवाच्या कार्डाचं नाव काढलं. मी म्हटलं, ते आमच्या दुकानाचं जाहिरातीचं कार्ड आहे.

"पत्ता कोनाच्या अक्षरात हाय?"

"माझ्या."

"अन् कुंकू?"

ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण मी बांधून ठेवलेले कार्डांचे गठ्ठे, मालकांचा स्वभाव, सगळं डोक्यात जुळलं. मी म्हटलं, "मालकांनी लावलं असणार. सगळ्याच कार्डांना."

वाईट माणूस नव्हते वकीलसाहेब. मानी होते, एवढंच. म्हणाले, "खरं सांगू? आमच्या मनात होकारच होता. पण आता दिला, तं लोक म्हनतील पोरीवाल्याईनं साखर वाटून घेतला. तुमच्या मालकाले घेऊन या. कुंकू त्याईनं लावलं, असं त्याईनं माझ्यासमोर, दोन मानसात म्हनावं. मंग पाहू."

मी पळतच दुकानात आलो. सगळं सांगितलं. मालकांची पेन्सिल थांबली. इतक्या दिवसांत ती थांबलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"साखर वाटली? कार्ड वाचायच्या आंधीच?"

"हो."

"किती घरी?"

मी म्हटलं, मालक, माझ्या बहिणीचं लग्न मोडतंय. तुम्ही फक्त माझ्याबरोबर चला, नदीपलीकडे तर जायचं आहे, अर्ध्या तासाचं काम आहे. त्यांनी मान हलवली. राग नव्हता, कीवही नव्हती. व्याकरण समजावून सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "मी वकिलापुढे म्हनलो का कुंकू दुकानातलं हाय, तं उद्या कोर्टात बोभाटा, परवा साऱ्या गावात. अजून सहाशे कार्डं जायची हायेत, भाऊ. मंग त्याईले देवापाशी कोन ठेवीन?"

मी त्यांचे पाय धरले. हे लिहायला लाज वाटते, पण धरले.

त्यांनी पाय मागे घेतले. "तुमच्या घरी ते कार्ड हाय न? छापील हाय. चारी कोपरे कुंकवाचे हायेत. मागवा न वकिलाले दाखवा. माह्यापेक्षा ते खरं बोलते. मले कायले नेता?"

मी उठून धोतराची धूळ झटकू लागलो.

"काहून? फाडलं का?"

मी धूळ झटकतच राहिलो. मालकांनी उपवर वही पुढं ओढली, आमच्या घराचं नाव शोधलं आणि त्यावर लाल रेघ मारली. "तिथं आता वर्षभर काही होत नाही," ते म्हणाले. "वगळा. एक कार्ड वाचलं."

त्या क्षणी तिथलं कागदांवरचं लोखंडी वजन उचलून त्यांच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं. आजही वाटतं. दुष्ट माणसाचा राग काळाबरोबर निवतो, पण ज्याला आपण काही वाईट केलं हेच कळत नाही त्याचा राग कुठं ठेवायचा? ते मला छळत नव्हते. ते खरोखरच एक कार्ड वाचवत होते.

आणि मी नोकरी सोडली नाही. अजून तीन वर्षं मी तिथंच पत्ते लिहिले आणि कुंकवाची बोटं लावायचं कामही पुढे माझ्याकडेच आलं. पोट कोणाला चुकलंय, असं म्हणून मी स्वतःला समजावलं. धंदा दोन सराया जोरात चालला. मग बाकीच्या दुकानदारांनीही कुंकू उचललं. तेलवाले लावू लागले, तपकीरवाले लावू लागले, आणि बायाबापड्या शहाण्या झाल्या. कुंकवाचं कार्ड आलं की आधी विचारायच्या, "कोन्त्या दुकानाचं हाय?" खऱ्या लग्नाच्या पत्राचीही तीच गत झाली. मालक त्यानंतर खचले. छातीत कळ येऊन गेले तेव्हा त्यांच्या मुलानं कळवायची पत्रं माझ्याकडून लिहून घेतली. मी रीतीप्रमाणे सगळा मायना घातला, एक अक्षर कापलं नाही.

बहिणीचं लग्न पुढे झालं नाही. दोन स्थळं आली, पण साखर वाटल्यावर लग्न मोडलेली मुलगी म्हणून आळीबाहेरही नाव झालं होतं. मग ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवू लागली, आणि आई असेपर्यंत आईजवळ राहिली. वकिलांच्या मुलाचं पुढच्याच वैशाखात झालं. मुंडावळ्या आमच्याच दुकानातून गेल्या.

लग्न मोडल्यावर त्या शनिवारी मी अमरावतीला गेलो होतो. आईनं दारातच रडायला सुरुवात केली. मी तिला मालकांची सगळी करणी सांगितली: कुंकू कसं लावलं, पाय धरले तरी कसे आले नाहीत. आईनं मालकांच्या सात पिढ्या उद्धरल्या. मीही त्यात भर घातली. बहीण खांबाशी बसून ऐकत होती. आई पाण्याला गेली तशी ती उठली, देवाच्या कोनाड्यातून ते कार्ड काढून तिनं माझ्यापुढं धरलं आणि छापील मजकुराखाली बोट ठेवलं.

तिथं माझ्या अक्षरात दोन शब्द होते. 'सर्व ठीक.'

मला ते पाहायची गरज नव्हती. चारशे पत्ते लिहिताना आमचा पत्ता आला तेव्हा माझ्या चांगलं लक्षात आलं होतं. मी तीन आठवडे घरी पत्र टाकलं नव्हतं. विचार केला, मालकांचं कार्ड घरी जातंच आहे, त्यावरच दोन शब्द खुशालीचे लिहू, आपलं एक कार्ड वाचेल. वकीलसाहेबांपुढे ते कार्ड धरलं असतं तर त्यांनी तेवढेच दोन शब्द वाचले असते.

"छापलेलं मी वाचलंच नाही, दादा," बहीण म्हणाली. "कुंकू पाहून आई म्हने, वाच तरी एकदा. तुहं अक्षर दिसलं. तेवढंच वाचलं. तिले मीच म्हटलं, जा, वाट साखर."

तिनं ते कार्ड चुलीत सरकवलं आणि फुंकणी घेऊन जाळ केला. आई कळशी घेऊन आत आली तेव्हा बहीण मोठमोठ्यानं माझ्या मालकांना शिव्या देत होती, आणि मी हो ला हो मिळवत होतो.